परमिट माझ्या नावावर निघालं

फेब्रुवारीत एका दुपारी ईमेल आला की तुम्हाला अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या रोग (Rogue) नदीवरून होडीने जायचं परमिट लागलंय, २४ जून २०२३, माणसं ८, आणि मी तो दोनदा वाचून सरळ नवऱ्याला फॉरवर्ड केला, वर एकच ओळ लिहून, की हे माझंच का निघालं.

झालं असं होतं की आमचे शेजारी, वय पासष्टच्या पुढे, गेली तीस वर्षं ओरेगनमधल्या नद्यांवर राफ्ट, म्हणजे फुगवलेली रबरी होडी, घेऊन जाणारे, त्यांनी डिसेंबरमध्ये सांगितलं होतं की लॉटरी १ डिसेंबरला उघडते आणि ३१ जानेवारीला बंद होते, तुम्ही सगळ्यांनी आपापल्या नावाने अर्ज भरा, कुणाचा तरी नंबर लागेल. सहा डॉलरची फी. मी भरला तो ग्रुपला नाही म्हणवेना म्हणून. मला जायचंच नव्हतं. आणि नेमकं माझंच नाव निघालं. ज्याच्या नावाचं परमिट त्याने स्वतः ओळखपत्र घेऊन निघायच्या ठिकाणी हजर राहायचं असतं, म्हणजे मी आजारी पडले किंवा मला भीती वाटली तर बाकी सातजणांच्या बेतावर पण पाणी पडलं.

भीती का, ते सांगते. मी चिपळूणची. आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या बाजूला, वाशिष्ठीपासून फार लांब नाही. लहानपणी नदी म्हणजे गणपती विसर्जन आणि मे महिन्यात मामाबरोबर पुलावरून खाली बघणं एवढंच. पोहायला आम्हाला मुलींना कुणी पाठवलं नाही. २००५ ला घरात पाणी आलं तेव्हा मी कॉलेजला पुण्यात होते. आणि २२ जुलै २०२१ ला मी इथे, पोर्टलंडजवळ, आणि आईबाबा तिथे. रात्रीतून पाणी चढलं, खालचा मजला गेला, ते दोघं शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर, आणि मग फोन बंद. दीड दिवस काही कळलं नाही. मी बातम्यांचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होते की आमची गल्ली दिसते का. दोघं सुखरूप होती, पण नंतर आईने फोनवर चिखल किती आणि काय काय गेलं ते सांगितलं आणि तेव्हापासून मला साधं धबधब्याच्या पाण्याचा आवाज आला तरी पोटात गोळा यायचा. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले ठीक आहे, जूनपर्यंत वेळ आहे, तू आधी नदी समजून घे, मग ठरव.

तर नदीबद्दल थोडं. ओरेगनच्या दक्षिणेला क्रेटर लेकच्या जवळ उगम, तिथून २१५ मैल वाहत गोल्ड बीचला पॅसिफिकला मिळते. नाव ऐकून आई म्हणाली हे कसलं नाव नदीचं, पण इथे त्याचा अर्थ लबाड, बदमाश असा आहे आणि ती शिवी नदीला नव्हती, फ्रेंच फर व्यापाऱ्यांनी इथल्या मूळ रहिवाशांना दिलेली होती, ती नदीला चिकटली. अमेरिकेत १९६८ साली वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स नावाचा कायदा झाला, म्हणजे काही नद्यांचे ठरावीक पट्टे मोकळेच वाहू द्यायचे, तिथे धरण बांधायचं नाही. त्यात पहिल्यांदा ज्या ८ नद्या घेतल्या त्यातली ही एक. आम्ही जाणार होतो तो ग्रेव्ह क्रीक ते फॉस्टर बार हा साधारण ३५ मैलांचा पट्टा, जवळजवळ सगळाच जंगलातला. गाडीरस्ता मध्ये फक्त एका ठिकाणी कसाबसा नदीपर्यंत येतो. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, डग्लस फरची झाडं, लालसर सालीचं मड्रोन, ओक. १५ मे ते १५ ऑक्टोबर या काळात दिवसाला फक्त १२० माणसांना सोडतात, त्यात व्यावसायिक कंपन्यांचे लोक पण धरून. म्हणून लॉटरी.

मला हे १२० चं गणित सुरुवातीला जाचक वाटलं होतं, एवढी मोठी नदी आणि एवढीच माणसं. तिथे गेल्यावर वाटलं की अजून कमी असती तरी चाललं असतं.

तयारी चार महिने चालली. मी मार्चपासून कम्युनिटी पूलमध्ये मोठ्यांच्या पोहण्याच्या क्लासला जायला लागले, आठवड्यातून दोनदा, वय ३७, आणि माझ्या बाजूच्या लेनमध्ये एक ७० वर्षांच्या आजी पण शिकत होत्या त्यामुळे धीर आला. मेमध्ये शेजाऱ्यांनी आम्हाला एका सोप्या नदीवर नेऊन दिवसभर वल्हं मारायला शिकवलं. राफ्टवर मध्ये धातूची फ्रेम असते, त्याच्या दोन बाजूंना दोन लांब वल्ही, आणि वल्हवणारा नदी जिकडे जाते तिकडे तोंड करून बसतो. त्यांचं मुख्य म्हणणं असं की ज्या दगडाला चुकवायचंय त्याच्याकडेच तोंड करायचं आणि उलटं, मागे ओढायचं. आपली सवय अशी की दगड दिसला की मान फिरवायची आणि पुढे जोर लावायचा. मागे ओढल्याने राफ्टचा वेग पाण्यापेक्षा कमी होतो आणि विचार करायला वेळ मिळतो. हे मला फार आवडलं, पण हाताला यायला पूर्ण दिवस गेला.

आणि मग क्युसेक. शेजारी रोज सकाळी पाण्याचा आकडा बघायचे, एका सरकारी साइटवर नदीच्या गेजचे आकडे तासातासाला येतात. ते सीएफएस म्हणायचे, मी म्हटलं अहो हे तर आमचं क्युसेक, आमच्याकडे पावसाळ्यात शाळकरी पोरांना पण माहीत असतं की कोयनेतून किती हजार क्युसेक सोडलं. मग त्यांना सांगितलं की कोयनेचं वीज तयार करून झालेलं पाणी डोंगरातून इकडे आमच्या वाशिष्ठीत येतं, त्यामुळे ती उन्हाळ्यात पण आटत नाही. ते म्हणाले रोगचं पण तसंच काहीतरी आहे, वर लॉस्ट क्रीक नावाचं धरण आहे, ते सोडतं म्हणून ऑगस्टमध्ये सुद्धा राफ्टपुरतं पाणी राहतं. म्हणजे नदी वाइल्ड आहे पण पूर्ण मोकळी नाही, हे पण खरं. खालची काही जुनी धरणं मात्र काढून टाकलीत, सॅव्हेज रॅपिड्स २००९ ला, गोल्ड रे २०१० ला, सॅमन माशांना वर जाता यावं म्हणून. धरण काढून टाकतात हेच मला नवीन होतं.

सामानाची यादी मोठी होती, पण दोन वस्तू अशा की त्याशिवाय पाण्यात उतरूच देत नाहीत. एक फायर पॅन, म्हणजे मोठ्या परातीसारखं लोखंडी भांडं, शेकोटी त्यातच करायची, वाळूवर नाही, आणि राख थंड करून डब्यात भरून परत आणायची. दुसरी वस्तू संडास. हो, आठ माणसांचा चार दिवसांचा संडास एका घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा राफ्टवर बांधून शेवटपर्यंत न्यायचा. त्याला इथले लोक ग्रूव्हर म्हणतात, कारण पूर्वी बंदुकीच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या पेट्या वापरायचे, त्यावर सीट नसायची आणि बसलं की मांड्यांवर वळ उठायचे. आमच्या डब्याला सीट होती. हे ऐकून ग्रुपमधल्या नाशिकच्या वहिनींनी आधी साफ नकार दिला होता, मला मात्र हा नियम पहिल्यापासून पटला. ज्यांनी पुरानंतर घरातला गाळ काढलाय त्यांना पाण्याबरोबर काय काय येतं ते माहीत असतं.

खाण्याचं आमच्याकडे होतं. थालीपिठाची भाजणी, पोहे, पिठलं, मसालेभाताची कोरडी तयारी, भडंग, लसणाची चटणी, तूप. शेजारीणबाईंनी दोन रात्रींचं त्यांचं जेवण घेतलं.

२३ जूनला पोर्टलंडहून खाली ग्रँट्स पासला गेलो, चारेक तास. दुसऱ्या दिवशी सकाळी गलीसच्या पुढे रँड म्हणून जागा आहे तिथे नदीच्या ऑफिसमध्ये चेक-इन. जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर काळे. आदल्या वर्षी १७ ऑगस्टला वीज पडून रम क्रीकची आग लागली होती, २१ हजार एकरांहून जास्त जंगल जळलं आणि ती अगदी या ऑफिसच्या आसपास होती. काळ्या खोडांच्या बुंध्याशी हिरवे धुमारे फुटलेले, विशेषतः मड्रोन आणि ओकला. खिडकीमागच्या बाईंनी माझं लायसन्स बघितलं, माणसं मोजली, फायर पॅन आणि टॉयलेट आहे ना विचारलं, अस्वलांबद्दल सांगितलं, आणि कागदावर माझी सही घेतली. ट्रिप लीडर म्हणून. माझा हात खरंच थरथरत होता.

ग्रेव्ह क्रीकच्या उतारावर राफ्ट भरायला अडीच तास लागले. सगळं पट्ट्यांनी बांधायचं, राफ्ट उलटली तरी एक डबा सुटता कामा नये अशा हिशोबाने. गाड्यांच्या किल्ल्या शटलवाल्यांना दिल्या, ते डोंगरावरच्या बेअर कॅम्प रस्त्याने गाड्या फॉस्टर बारला नेऊन ठेवतात. त्या रस्त्यावर हिवाळ्यात बर्फ असतं, उन्हाळ्यातच चालू. बाकीचे बांधाबांध करत होते तेव्हा मी जरा काठावरच्या पायवाटेने चालत गेले, आणि बरंच वर, नदी खाली खोल दिसत असताना, एक पाटी. १९६४ च्या पुराचं पाणी इथपर्यंत आलं होतं. मी खाली बघितलं, पाटीकडे बघितलं, परत खाली. आमच्या घराच्या भिंतीवर बाबांनी पेन्सिलने दोन रेघा मारल्यात, २००५ आणि २०२१. ती पाटी बघून मला काय झालं ते नीट सांगता येत नाही, रडू आलं, पण भीतीचं नव्हतं. हिला पण पूर येतो आणि इथे पण कुणीतरी रेघ मारून ठेवलीय, एवढंच वाटलं. लॉस्ट क्रीकचं धरण त्या पुरानंतरचं, १९७७ चं, ते मला शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं.

पहिले दोन रॅपिड, म्हणजे पाणी खळाळत उतरतं त्या जागा, लगेचच येतात, मी शेजाऱ्यांच्या राफ्टमध्ये पुढे बसले होते आणि अंगावर पाणी आलं तेव्हा ओरडले पण, मग साधारण पावणेदोन मैलांवर रेनी फॉल्स. हा आवाज लांबूनच येतो. सरळ उडीच आहे ती, १० फुटांच्या वर, आणि आमच्यासारख्यांनी तिथून जायचंच नाही. उजव्या काठाला पूर्वी माशांना वर चढता यावं म्हणून खडकात काढलेला एक अरुंद ओहळ आहे, त्यातून रिकाम्या राफ्ट दोरीने हळूहळू सोडायच्या. याला लायनिंग म्हणतात. तीन राफ्ट, एक कायाक म्हणजे छोटी फुगवायची एकट्याची होडी, दीड तास लागला. काठावर माणसं खडकांवर उभी, एकाच्या हातात पुढची दोरी, एकाच्या मागची, आणि शेजारी मध्ये उभे राहून सोड, थांब, सोड, थांब. आमच्या गावात गणपती पाण्यात नेताना जशी माणसं एकमेकांच्या आवाजावर चालतात तसं होतं अगदी. राफ्ट एका ठिकाणी अडकली, ती सोडवायला माझा नवरा कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि मी पहिल्यांदाच न घाबरता दोरी धरून उभी होते कारण माझ्याकडे काम होतं.

रात्री रशियन क्रीकजवळ मुक्काम. तिथे शेजारीणबाईंनी सगळ्यांना एक झुडूप दाखवलं, तीन तीन पानांचं, चकचकीत, पॉयझन ओक, हात लावला तर आठ-दहा दिवस अंगावर फोड. मी म्हटलं हे आमच्या बिब्ब्यासारखं. आंब्याचा चीक उततो तसं. नंतर बघितलं तर बिब्बा, आंबा आणि हे एकाच कुळातले निघाले! बिब्बा उतणं काय असतं हे माहीत असल्यामुळे मी चारही दिवस त्या पानांपासून चार हात लांब राहिले, आमच्यातल्या एकाने मात्र आडोशाला जाताना लक्ष दिलं नाही आणि तो जुलैभर खाजवत होता.

दुसऱ्या दिवशी मी कायाकमध्ये बसले. माझी मीच म्हटलं बसते. सकाळभर मजा आली, पाणी हिरवं, मधूनच उन्हात तळ दिसतो, ऑस्प्रे म्हणून मासे मारणारा शिकारी पक्षी डोक्यावर, एका वळणावर पाणमांजरांची जोडी, एका ठिकाणी मर्गान्झर बदकीण आणि तिच्यामागे बारा पिल्लं ओळीने, प्रवाहाच्या उलट्या दिशेला पाण्यावरून अक्षरशः धावत. मग ब्लॅक बार फॉल्स. नावाला फॉल्स, तसा मध्यम रॅपिड. मी शेजाऱ्यांच्या राफ्टच्या मागोमाग गेले पण एका लाटेवर तिरकी लागले आणि बाहेर.

पाणी डोक्यावरून गेलं. आवाज एकदम बंद झाला. तो क्षण मला अजून आठवतो, हिरवा अंधार आणि नाकात पाणी, आणि डोक्यात आमच्या घराचा जिना. मग लाइफ जॅकेटने मला वर काढलं. शिकवलेलं आठवलं, पाठीवर पड, पाय पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही कारण पाय दगडात अडकला की पाणी माणसाला दाबतं. लाटेच्या माथ्यावर श्वास घ्यायचा नाही, लाट उतरली की घ्यायचा. मी हे मोठ्याने म्हणत होते असं नवरा सांगतो, मराठीत. पंधरा-वीस सेकंद असतील. मग पाणी शांत झालं आणि नाशिकच्या भावजींनी जॅकेटचे खांदे धरून मला राफ्टमध्ये ओढून घेतलं. कुणी काही बोललं नाही. वहिनींनी भडंगाचा डबा उघडला आणि मी ओल्या हाताने मूठभर खाल्लं. अर्ध्या तासाने परत कायाकमध्ये बसले. मला कुणी आग्रह केला नव्हता, पण ती भीती तिथेच पाण्यात असताना मोडली नसती तर घरी घेऊन आले असते आणि मग ती परत वाढली असती.

त्या रात्री बॅटल बारला होतो. मोठी सपाट जागा, गवत, मागे ओक. नाव लढाईवरून. १८५५-५६ मध्ये सोन्याच्या मागे आलेले गोरे आणि इथले मूळ लोक यांच्यात लढाया झाल्या, त्यातली एक इथे, १८५६ च्या वसंतात. त्यानंतर इथल्या जमातींना, टाकेल्मा आणि बाकीच्यांना, उत्तरेकडे शे-दीडशे मैलांवर नेऊन सिलेट्झ आणि ग्रँड रोंडच्या राखीव जागेत ठेवलं. ही नदी हजारो वर्षं त्यांची. आम्ही जेवण झाल्यावर परातीतल्या शेकोटीभोवती बसलो होतो आणि शेजारी हे सांगत होते, आणि ज्या जागेला आज आम्ही जंगल आणि निर्जन म्हणून एवढं कौतुकाने बघतो ती निर्जन कशी झाली हे ऐकून सगळे गप्प झाले. मला वाटतं रँडच्या ऑफिसात परमिट देताना हे पण दोन मिनिटं सांगायला हवं, अस्वलांइतकंच.

तिसरा दिवस मोठा. सकाळी पोहे खाऊन लवकर निघालो. आधी म्यूल क्रीक कॅन्यन, इथे सगळी नदी एका चिंचोळ्या खडकाळ घळीत शिरते, काही ठिकाणी राफ्ट आडवी झाली तर दोन्ही टोकं खडकाला लागतील इतकीच रुंदी. लाटा मोठ्या नाहीत पण पाणी खालून उकळल्यासारखं वर येतं, एका जागेचं नावच कॉफी पॉट. राफ्ट तिथे गोल गोल फिरली, आमच्या बाजूचा खडक काळा, गुळगुळीत, हाताला लागेल इतका जवळ. शेजारी वल्ही आत घेऊन शांत बसले होते, म्हणाले इथे जोर लावून काही होत नाही, पाणी सोडेल तेव्हा सोडेल. आणि सोडलं. पुढे डाव्या अंगाला स्टेअर क्रीकचा धबधबा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, तिथे पाच मिनिटं थांबलो. मला त्या आवाजाने काहीच झालं नाही हे मला नंतर लक्षात आलं.

मग ब्लॉसम बार. या पट्ट्यातला सगळ्यात अवघड. एकेकाळी इथून बोट जाऊच शकत नव्हती, नदीभर घराएवढ्या धोंडी. ग्लेन वूल्ड्रिज म्हणून एक नावाडी होता, १९१५ मध्ये ग्रँट्स पासहून समुद्रापर्यंत नाव नेणारा, त्याने पुढे सुरुंग लावून इथल्या धोंडी फोडून वाट केली. तरीही वाट सरळ नाही. डावीकडून शिरायचं, आणि तोच प्रवाह तुम्हाला पिकेट फेन्स म्हणतात त्या दगडांच्या रांगेकडे ओढतो, तिथे राफ्ट अडकली की पाणी तिला दगडाभोवती कागदासारखी गुंडाळतं. इथे माणसं गेलीत. म्हणून रांगेच्या आधी एका मोठ्या धोंडीच्या मागे जीव खाऊन उजवीकडे ओढायचं आणि मग उजव्या वाटेने खाली.

उजव्या काठाला राफ्ट बांधल्या आणि खडकांवर चढून बघायला गेलो. याला स्काउटिंग म्हणतात आणि मला या सगळ्या प्रवासात हे सगळ्यात जास्त आवडलं. तासभर नुसतं पाण्याकडे बघत बसलो होतो. शेजाऱ्यांनी काटकी फेकून दाखवली, ती कुठे जाते बघा. ती बरोब्बर पिकेट फेन्सला गेली. परत फेकली, परत तिथेच. मग दुसऱ्या एका ग्रुपच्या दोन राफ्ट आमच्यासमोर गेल्या, त्यांचे हात कधी हलले, कुठल्या लाटेवर त्यांनी ओढायला सुरुवात केली ते मी बोटाने मोजत होते. सुरुवातीला तो सगळा नुसता पांढरा गोंधळ होता, अर्ध्या तासाने त्यात पाण्याची जीभ दिसायला लागली, हिरवी गुळगुळीत, मग त्या जिभेच्या उजव्या कडेला संथ पाण्याचा तुकडा, मग त्याच्या खालची वाट. २०२१ चे व्हिडिओ मी शेकडो वेळा बघितले होते पण पाणी म्हणून कधी बघितलं नव्हतं, त्यात फक्त आमची गल्ली शोधत होते.

शेजारी मला घेऊन आधी गेले. खूप पटकन झालं, जीभ, धोंड, त्यांचे दोन, तीन, चार ओढ, राफ्ट धोंडीमागच्या संथ पाण्यात टेकली आणि उजवीकडे घरंगळल्यासारखी खाली. खाली एका कोंडीत थांबून मागच्यांची वाट बघत बसलो. दुसरी राफ्ट भावजींची, त्यात माझा नवरा. त्यांचा एक ओढ उशिरा पडला. एकच. राफ्टचं मागचं टोक पिकेट फेन्सच्या पहिल्या दगडाला लागलं, राफ्ट तिरकी झाली, एक बाजू वर चढायला लागली आणि शेजारी उभे राहून दोन्ही हातांनी इशारा करत ओरडले, वर चढा, वरच्या बाजूला. तिघंही वर आलेल्या बाजूवर पालथे पडले. माझ्या डोळ्यासमोर नवरा त्या रबरी नळीला मिठी मारून पडलेला, त्याची निळी टोपी. किती वेळ ते माहीत नाही, शेजारी म्हणतात मिनिटभर, मला विचाराल तर अख्खी दुपार. मग राफ्ट किंचित हलली, घसरली, दगड सोडला आणि मागचं टोक पुढे अशी खाली आली, सगळे आत, एक वल्हं गेलेलं. वल्हं आम्हाला खाली सापडलं. भावजी काठाला आल्यावर बराच वेळ वाळूवर बसून होते, नवऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवलेला. तिसरी राफ्ट शेजारीणबाईंनी आणली, इतकी सुरेख की टाळ्या वाजवाव्यात, पण आमच्या कुणाच्या हातात तेवढा जीव नव्हता.

पॅरडाइज लॉजच्या आसपास खालून गोल्ड बीचहून येणाऱ्या जेट बोटी दिसायला लागतात, पन्नासेक माणसं, इंजिनचा आवाज, तीन दिवसांनी तो फार कर्कश वाटला. त्यांची परवानगी आहे, जुना प्रघात आहे, ते सगळं मान्य, पण मला नाही आवडलं.

पुढे हगिन्स कॅन्यन. इथे नदी रुंद, खोल, जवळजवळ थांबल्यासारखी, आणि दुपारी समुद्राकडून वारा येतो तो समोरून. वल्हवायचं थांबवलं की राफ्ट मागे जाते. शेजारी दमले होते. मी म्हटलं द्या मला. दोन तास मी वल्हवलं. तळहाताला फोड आले, खांदे भरून आले, आणि वारा तोंडावर, पाण्यावर संध्याकाळचं ऊन, काठावर एक काळं अस्वल दगड उलटे करत फिरत होतं, त्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि परत दगड उलटायला लागलं. सगळ्यांनी श्वास धरलेला. त्या दोन तासांत कुणाचा फोटो नाही, व्हिडिओ नाही.

टेट क्रीकला शेवटची रात्र. अस्वलं इथे जास्त, म्हणून मुक्कामाच्या जागेवर विजेचं कुंपण आहे, त्याच्या आत सगळं खाणं ठेवायचं, टूथपेस्टसुद्धा. पिठलं-भात केला, शेजाऱ्यांनी तीनदा घेतला. भांडी घासलेलं पाणी गाळणीतून गाळून खरकटं कचऱ्याच्या पिशवीत, हे तिसऱ्या दिवसापर्यंत कुणाला सांगावं लागत नव्हतं, वहिनी तर भाताचं शीत पण उचलत होत्या.

चौथ्या दिवशी दुपारच्या आत फॉस्टर बार. गाड्या उभ्या होत्या, किल्ल्या ठरलेल्या जागी. राफ्ट रिकाम्या करून, धुऊन, हवा काढून गुंडाळायला दोन तास. राखेचा डबा, कचऱ्याच्या दोन पिशव्या, आणि तो संडासाचा डबा, तो मी आणि वहिनींनी दोन बाजूंनी धरून गाडीत ठेवला.

फोनला रेंज बऱ्याच पुढे आली. चार दिवसांचे मेसेज आले आणि त्यात आईचे सहा मिस्ड कॉल. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती तरी पहिल्या रिंगला उचलला.

"आलीस का बाहेर? पाणी किती होतं गं?"

मी आकडा सांगितला, क्युसेकमध्ये. ती म्हणाली बाबांना सांगते, ते जागेच आहेत. मग म्हणाली यंदा पाऊस उशिरा आला पण आता लागलाय, दोन दिवस झाले, खालचं सामान वर नेऊन ठेवलंय. मी विचारलं नदीला पाणी किती आहे. ती म्हणाली थांब, आणि फोन तसाच हातात घेऊन गॅलरीत गेली, मला पावसाचा आवाज आला, आणि त्याच्यामागे, खूप लांबून, नदीचा.

"अजून खालीच आहे," ती म्हणाली. "ऐकू येतंय का तुला?"

येत होतं. मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि आम्ही दोघींनी फोन न ठेवता थोडा वेळ ऐकलं.